कळीची जागा

‘खांदा’ हा मराठीतला मोठा कष्टाळू शब्द. संस्कृतातल्या ‘स्कन्ध’चा प्राकृतात ‘खंध’ झाला आणि त्याचा आपला ‘खांदा’. स्कन्ध म्हणजे माणसाचा खांदा आणि झाडाचं खोडही. जुन्या मराठीत फांदीला ‘खांदी’ म्हणत, ती याच कुळातली. भागवताचे बारा स्कंध आणि बौद्ध विचारातले पाच स्कंधही याच शब्दाचे. ‘खांब’ मात्र या घरातला नाही, तो ‘स्कम्भ’पासून आला. देहाच्या खोडातून हात जिथे फुटतो ती जागा म्हणजे खांदा, आणि भाषेनं याच जागेवर सगळी ओझी टाकली आहेत. खांदेकरी मृताला वाहून नेतात, घराची जबाबदारी थोरल्याच्या खांद्यावर येते, अडचणीत माणसं खांद्याला खांदा लावतात. ओझं वाहणाऱ्यांनी वाटेत खांदे बदलावेत, त्यावरून मंत्रिमंडळातही ‘खांदेपालट’ होतो.

एवढा भार वाहणारा खांदा दुखायला लागला, म्हणजे भाषेला वेगळंच काम करावं लागतं. ‘खांदा दुखतो’ हे वाक्य डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या कानावर रोज पडतं. पण त्या दोन शब्दांतून फारसं काही कळत नाही. कुठे दुखतं, कसं दुखतं, दाबल्यावर काय होतं, दुखणं जागच्या जागी राहतं की पुढे सरकतं, हे सगळं सांगावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की दुखऱ्या खांद्याची तपासणी जितकी बोटांनी होते तितकीच शब्दांनी होते, आणि त्यासाठी लागणारे नेमके शब्द मराठीजवळ आधीपासून आहेत.

सुरुवात ‘कुठे’पासून करू. ‘खांदा’ म्हणताना एकाचा हात मान आणि दंड यांच्या मधल्या उतारावर जातो, दुसऱ्याचा दंडाच्या वरच्या गोलाईवर, तर तिसऱ्याचा पाठीवरच्या पात्यासारख्या हाडावर. बोलीत हा सगळाच खांदा. संस्कृतात मात्र खांद्यासाठी ‘अंस’ असाही एक शब्द होता. लॅटिनमधला ‘उमेरुस’ आणि ग्रीकमधला ‘ओमोस’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. दंडाच्या हाडाला डॉक्टर ‘ह्यूमरस’ म्हणतात, तो शब्द त्या लॅटिन भावाकडून आला. रोजच्या मराठीतून ‘अंस’ गेला, पण शास्त्राच्या पुस्तकात तो ‘अंसफलक’ या नावात टिकून आहे. अंसफलक म्हणजे खांद्याचं पातं. सुश्रुतसंहितेत शरीराची १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यांत ‘अंस’ आणि ‘अंसफलक’ ही दोन वेगवेगळी मर्मं आहेत. खांद्याची बंधनं सुकून हात उचलेनासा होतो त्या विकाराला ‘अवबाहुक’ असं स्वतंत्र नावही तिथे आहे. बोलीनं ज्याला एकच खांदा मानलं, त्याच्या आत फरक करायची गरज फार पूर्वीपासून जाणवत होती, हे या नावांवरून दिसतं.

यापुढचा गोंधळ ‘स्नायू’चा. आज मराठीत स्नायू म्हणजे मसल, यात कुणाला शंका नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात मात्र ५०० पेशी आणि ९०० स्नायू अशी वेगवेगळी मोजदाद आहे. तिथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचे गोळे आणि ‘स्नायू’ म्हणजे सांध्यांना आणि हाडांना बांधून ठेवणारे दोर. फळ्या नीट बांधलेल्या असल्या की नाव पाण्यावर भार सोसते, तसं शरीर स्नायूंच्या बांधणीमुळे भार सोसतं, असं सुश्रुत सांगतो. पुढे भाषांनी आपापल्या वाटा धरल्या. हिंदीत मसलला ‘मांसपेशी’ म्हणतात. मराठीत ‘पेशी’ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सेलकडे गेली आणि तिची रिकामी जागा स्नायूनं घेतली. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह, म्हणजे आपला मज्जातंतू.

बंगालीनं इथे मनमानी केली असं वाटेल, पण तसं नाही. संस्कृतातला ‘स्नायु’ आणि त्याचा जोडीदार ‘स्नावन्’, ग्रीकमधला ‘न्यूरॉन’ आणि लॅटिनमधला ‘नर्व्हुस’ हे सगळे एकाच आदिम मुळाचे शब्द आहेत. ग्रीकांसाठीही न्यूरॉन म्हणजे आधी तात, कंडरा, धनुष्याची दोरी. शरीरातली संवेदना वाहणारी सूत्रं वेगळी आहेत हे पुढे लक्षात आलं तेव्हा तेच नाव त्यांना मिळालं. म्हणजे ‘नर्व्ह’ आणि ‘स्नायू’ हे मुळात भाऊ, एक संवेदनेच्या घरी गेला आणि दुसरा मराठीत ताकदीच्या घरी.

ही केवळ कोशातली गंमत नव्हे. आपल्याकडे माणूस सहज म्हणतो, ‘खांद्याची नस दबलीय,’ किंवा ‘शिरेवर शीर चढलीय.’ बहुतेक वेळा त्याला एवढंच सांगायचं असतं की आत काहीतरी ताठ झालंय, ओढलं जातंय. शास्त्राच्या भाषेत नस दबणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पकड ढिली पडते. शीर म्हणजे तर रक्तवाहिनी. ऐकणाऱ्यानं शब्द जसाच्या तसा घेतला तर तपासणी भलतीकडे जाते. म्हणून जाणता तपासणारा ‘नस दबलीय’ हे निदान म्हणून लिहून घेत नाही, लगेच पुढचा प्रश्न विचारतो: ‘मुंग्या येतात का? की नुसतं ओढल्यासारखं होतं?’

लोकभाषेत स्नायूंना नावं फार थोडी आहेत, पण जी आहेत ती डोळ्यांनी पाहून ठेवलेली. हाताची मूठ वळून कोपर मुडपलं की दंडावर जो उंचवटा फुगतो तो ‘बेटकुळी’, म्हणजे लहानशी बेडकी. पायाच्या मागचा मांसल भाग ‘पोटरी’, पोटावरून आलेला. युरोपातही हेच झालं. ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मुस्कुलुस’चा, म्हणजे छोट्या उंदराचा. कातडीखाली हलणारा तो उंचवटा तिकडच्यांना उंदीर वाटला, आपल्याला बेडूक. खांद्यावरच्या स्नायूंना मात्र मराठीनं अशी नावं दिली नाहीत, म्हणून तिथे ग्रीक-लॅटिन नावांनीच काम चालवावं लागतं. मान आणि पाठ झाकणारा ट्रॅपीझियस त्याच्या चौकोनी आकारावरून, दंडाच्या माथ्यावरचा डेल्टॉइड ग्रीक डेल्टा या त्रिकोणी अक्षरावरून, आणि अंसफलकाच्या आडव्या कण्याखाली पसरलेला इन्फ्रास्पायनेटस त्याच्या जागेवरून ओळखला जातो.

आता तपासणीकडे येऊ. वाग्भटानं रोगी तपासायच्या तीन रीती सांगितल्या: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावं, हात लावावा, विचारावं. यातल्या स्पर्शनाला मराठीत अस्सल शब्द आहे ‘चाचपणे’. बोटांनी हळूहळू अंदाज घेत जाणं म्हणजे चाचपणं. निवडणुकीआधी उमेदवारांची ‘चाचपणी’ होते ती याच शब्दातून, आणि अंधारात माणूस ‘चाचपडतो’ तोही याच घरातला. हात लावण्याच्या किती तऱ्हा मराठीत वेगळ्या काढलेल्या आहेत ते पाहा: चाचपणे, दाबणे, चेपणे, चोळणे, रगडणे, मळणे, तिंबणे. आई पाय चेपते ते रगडणं नसतं आणि पैलवान अंग रगडून घेतो ते चाचपणं नसतं. खांदा तपासताना हवी असते ती चाचपणी, आणि मग एका जागी थांबून मोजका दाब.

शेतकऱ्याच्या घरी ही चाचपणी सणाचा भाग झालेली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, विदर्भात तिला खांद शेकणी म्हणतात. जुवाखाली वर्षभर घासलेला खांदा कोमट पाण्यानं धुवायचा, तूप-हळद लावून मळायचा, शेकायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जुवाच्या सततच्या घासण्यानं येणाऱ्या सुजेला ‘खांदेसूज’ असं नाव आहे. बैलाला बोलता येत नाही, पण हात दुखऱ्या जागी पडला की तो अंग चोरतो, आणि धन्याला तेवढ्यावरून कळतं. ‘अंग चोरणे’ हा वाक्प्रचार आपण कामचुकारासाठी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ शरीराचा आहे: दुखरा भाग स्पर्शापासून मागे घेणं. दाबाखाली रोगी दचकून अंग मागे घेतो, या खुणेला वैद्यकाच्या पुस्तकात ‘उडी’चं लक्षण म्हणतात. मराठीत ‘खांदा चोरला’ म्हटलं की काम झालं.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते, ते एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेल्या एक शिक्षिका खांदा दाखवायला आल्या आहेत. तपासणारी मुलगी तरुण आहे.

‘काकू, नेमकं कुठं दुखतं? एका बोटानं दाखवा.’

‘एका बोटानं कसं दाखवू गं? हे सगळंच ठणकतं,’ म्हणत काकू खांद्याच्या पुढच्या बाजूवर तळवा फिरवतात.

ती हात वर करायला लावते, पाठीमागे न्यायला लावते, दोन्ही बाजू ताडून पाहते. मग मागे जाऊन अंसफलकाच्या कण्याखाली अंगठा टेकवते आणि स्नायूच्या तंतूंना आडवा असा हळूहळू सरकवते. मऊ मांसात एका जागी ताठ दोरी हाताला लागते. दोरीवरून पुढे जाताना एक बारीक, टणक ठिकाण येतं. तिथे ती थांबते आणि दाब वाढवते. काकू खांदा चोरतात.

‘आई गं! हीच, हीच ती कळ! पण तू दाबतेस मागं आणि कळ जातेय पुढं!’

त्या एका वाक्यात तपासणीचा अर्धा निकाल आहे. इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू पाठीवर आहे, पण त्यातल्या अशा जागेची वेदना खांद्याच्या पुढच्या बाजूला खोलवर आणि दंडातून खाली जाणवते. रोगी पुढे हात ठेवतो, दुखण्याचं मूळ मागे असतं. नेदरलँड्समध्ये खांदा दुखणाऱ्या ७२ जणांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जागत्या जागा सगळ्यात जास्त याच स्नायूत सापडल्या, त्याखालोखाल ट्रॅपीझियसच्या वरच्या भागात.

या जागेचं इंग्रजी नाव ‘ट्रिगर पॉइंट’. त्या नावापर्यंत पोचायला वैद्यकाला शंभर वर्षं लागली. १८४३ साली जर्मनीत फ्रोरिपनं स्नायूंतल्या दुखऱ्या, कडक जागांचं वर्णन ‘स्नायूचा घट्टा’ अशा अर्थाच्या शब्दानं केलं. १९०४ साली लंडनमध्ये गॉवर्सनं ‘फायब्रोसायटिस’ हे नाव काढलं. त्या नावात दाह आहे असं गृहीत होतं, आणि ते गृहीत पुढे टिकलं नाही. १९३८ साली केलग्रेननं स्नायूंत खारं पाणी टोचून दाखवून दिलं की वेदना टोचल्या जागेपासून दूर जाऊन उमटते. १९४२ साली जॅनेट ट्रॅव्हेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी खांदा आणि हात यांच्या दुखण्यावर निबंध लिहिला. अशा जागा शोधून त्यांत प्रोकेन टोचायची रीत त्यात होती. याच ट्रॅव्हेलबाई १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, आणि डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ट्रिगर पॉइंटांवरचा ग्रंथ १९८३ साली आला.

‘ट्रिगर’ हा शब्द इंग्रजीत डच भाषेतल्या ‘ओढणे’ या क्रियापदावरून आला. बंदुकीचा घोडा इथे ओढला की गोळी तिथे लागते, तसं इथे दाबलं की तिथे दुखतं, एवढाच त्या नावाचा अर्थ. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज मला वाटत नाही, कारण आपल्याकडे ‘कळ’ आहे.

कळ म्हणजे दुखण्याची तीव्र लाट: कळ येते, कळ सोसवत नाही, कळ मस्तकात जाते. कळ म्हणजे यंत्राची किल्लीही: कळ दाबली की दिवा लागतो, संगणकाला कळफलक असतो. आणि कळ म्हणजे भांडणाची काडी: कुणी कळ लावतो, कुणी कळ काढतो. यंत्राची कळ संस्कृतातल्या ‘कला’कडे जाते, भांडणाची कळ ‘कलि’ आणि ‘कलह’ यांच्या कुळातली. पण बोलणाऱ्याच्या तोंडी त्या एकाच उच्चारात एकत्र आल्या आहेत, आणि ट्रिगर पॉइंटमध्ये तिन्हींचा अर्थ भरलेला आहे. तिथे दुखतं, तिथे दाबलं की दुसरीकडे परिणाम होतो, आणि तीच जागा सगळ्या खांद्यात कळ लावत असते. आपण ‘कळीचा मुद्दा’ म्हणतोच. मग ‘कळीची जागा’ म्हटलं तर खेड्यातल्या आजीलाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

या नावाचा आणखी एक उपयोग आहे. कित्येकदा रोग्याला सांगितलं जातं, ‘खांद्यात गाठ झालीय.’ ‘गाठ’ हा ‘ग्रंथि’चा शब्द, आणि मराठी घरात आज तो ऐकला की पहिला विचार कर्करोगाचा येतो. स्नायूतली ताठ जागा तशी गाठ नव्हे. त्या एका शब्दानं रोगी रात्रभर जागा राहतो आणि ताण वाढला की खांदा आणखी आखडतो. ‘कळीची जागा’ म्हटलं तर ती भीती उरत नाही.

‘कळीची जागा’ आणि ‘दुखरी जागा’ हा फरकही मराठीत सहज बोलता येतो. दुखरी जागा दाबली की तिथल्या तिथे दुखते, कळीची जागा दाबली की कळ दूर जाते. शास्त्रातही हा फरक महत्त्वाचा आहे. फायब्रोमायाल्जिया या विकारासाठी १९९० साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी शरीरावरच्या १८ ठरावीक दुखऱ्या जागा नेमून दिल्या होत्या. सुमारे ४ किलोचा दाब द्यायचा आणि त्यांतल्या किमान ११ दुखायला हव्यात, असा दंडक होता. २०१० साली त्यांनी हे जागा मोजणं सोडून दिलं. दाब मोजायला यंत्रही आहे. त्याचं एक चौरस सेंटिमीटरचं टोक स्नायूवर टेकवून दाब सावकाश वाढवतात आणि नुसता दाब संपून दुखायला लागतं तो आकडा टिपतात. पण तो क्षण यंत्राला कळत नाही. ‘आता दुखलं’ हे रोग्यालाच सांगावं लागतं.

हे सगळं निर्विवाद आहे असं मात्र नाही. दोन तपासणाऱ्यांचे अंगठे एकाच खांद्यावर वेगवेगळ्या जागी थांबतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१५ साली क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह यांनी ट्रिगर पॉइंटच्या सगळ्या उपपत्तीवरच कडक आक्षेप घेतला. २०१८ साली १२ देशांतल्या ६० तज्ज्ञांचं मत एकत्र करून तीन खुणा ठरल्या: ताठ दोरी, अतिशय हळवी जागा आणि दूर जाणारी वेदना. यांतल्या किमान दोन हव्यात. दुखणं त्याच जागेचं आहे हे ठरवताना रोग्यानं ‘हीच ती माझी कळ’ असं ओळखणंही महत्त्वाचं मानलं गेलं. बोटांचा अंदाज जिथे डळमळतो तिथे रोग्याची ओळख आधाराला येते, आणि ती ओळख शब्दातच सांगितली जाते.

वर ‘हळवी’ म्हटलं ते मुद्दाम. ‘हळू’ हा ‘लघु’चा प्राकृतातून आलेला नातू, आणि ‘हळवा’ त्याच घरातला. कोकणात लवकर तयार होणारं भात हळवं आणि उशिरा होणारं गरवं, एक लघु आणि एक गुरु. मनही हळवं असतं, दुखरी जागाही. हलक्या स्पर्शानं जे जागं होतं ते हळवं.

आता ‘कसं दुखतं’ या प्रश्नाकडे. कॅनडाच्या रोनल्ड मेल्झॅकनं १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावले आहेत आणि रोग्यानं आपल्याला लागू पडणारे निवडायचे असतात. मराठीत असं कोठार उघडलं तर ते काही लहान निघणार नाही. ठणकणे, ठसठसणे, सलणे, चमकणे, लचकणे, अवघडणे, आखडणे, आंबणे, भरून येणे, रग लागणे, उसण भरणे, हुळहुळणे. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘सलणे’ हे ‘शल्य’वरून आलं, आत रुतलेला काटा अजून आहे असं सांगणारं. ‘अवघडणे’ म्हणजे अंग स्वतःलाच अवघड होणं. ‘रग लागणे’ हे हात बराच वेळ एका स्थितीत धरल्यावरचं. ‘आखडणे’ म्हणजे हालचालच आक्रसणं. पैसे देताना हात आखडता घेणारा माणूस मनानं तसं करतो, खांदा गोठलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो.

‘आंबणे’ या शब्दापाशी मात्र जपून थांबावं लागतं. अंग आंबून गेलं म्हणताना आपण ‘आम्ल’ या शब्दाचाच वापर करतो, आणि स्नायूंत श्रमानं लॅक्टिक आम्ल तयार होतं हेही खरं. यावरून कुणी म्हणेल, पूर्वजांना हे ठाऊक होतं. तसं नाही. ते आम्ल श्रम थांबल्यावर थोड्याच वेळात निघून जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं कारण ते नाही. शिळ्या पिठाची जड, उतरलेली अवस्था लोकांनी अंगात ओळखली, एवढंच त्या शब्दाचं श्रेय. शब्दाच्या इतिहासात विज्ञान शोधू नये, अनुभव शोधावा.

हे शब्द तपासणाऱ्याला दिशा देतात. ‘अवघडलंय, रग लागते, दाबलं की कळ पुढे जाते’ असं ऐकलं की हात स्नायूंकडे वळतो. ‘मुंग्या येतात, बोटं बधिर होतात’ म्हटलं की मानेतल्या मज्जातंतूंकडे. ‘हात वरच जात नाही, पाठीमागे नेताच येत नाही’ म्हटलं की सांध्याकडे. ‘ठसठसतं आणि तापही आहे’ म्हटलं की दाहाकडे. आणि छातीवर दडपण, दरदरून घाम आणि डाव्या खांद्यात कळ असं एकत्र आलं, तर चाचपणी, चेपणं, शेकणं सगळं बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावं.

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ धातूचा, जाणणे या अर्थाचा. बौद्ध विचारातल्या पाच स्कंधांपैकी एकाचं नाव वेदना आहे, आणि तिथे सुखाचा अनुभवही वेदनाच. म्हणजे वेदना ही मुळात एक जाण आहे, आणि ती ज्याची त्यालाच असते. अंगठा तिच्या दारापर्यंत पोचतो, आत काय आहे ते रोग्यालाच सांगावं लागतं. म्हणून माझी विनंती दोघांनाही आहे. तपासणाऱ्यानं नुसतं ‘दुखतं का?’ विचारून थांबू नये. ‘कळ येते की ठणकतं? जागच्या जागी राहते की कुठे जाते? हीच का तुमची नेहमीची कळ?’ असं विचारावं. आणि रोग्यानं ‘पेन होतंय’ एवढ्यावर भागवू नये. आईनं, आजीनं, शेतावरच्या माणसानं वापरलेला नेमका शब्द त्यानं न लाजता सांगावा. तपासणीत त्याची किंमत अंगठ्याइतकीच आहे.